सोडवून आणलेला घोडा : स्वारीची तयारी आणि नवे घर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपासमारीतून, मारहाणीतून किंवा बेवारस फिरताना सोडवलेला घोडा तुमच्या दारात आला आहे. त्याला सांभाळून, शिकवून पुढे चांगल्या घरी द्यायचे आहे. अशा वेळी लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे इथे आहेत. ती वाचताना एक गोष्ट धरून ठेवा. हा घोडा तुम्ही स्वतःसाठी शिकवत नाही, अजून न भेटलेल्या माणसासाठी शिकवता आहात. फक्त तुमच्याच हाताला सरावलेला घोडा नव्या घरी टिकत नाही, आणि न टिकलेला घोडा बहुधा पुन्हा वाईट हातांत जातो.

आणल्यावर किती दिवसांनी त्याच्या पाठीवर बसता येईल?

याचा हिशेब घोड्याच्या शरीराकडे पाहून करायचा, दिनदर्शिकेकडे पाहून नाही. शरीर किती भरले आहे हे ठरवण्यासाठी १९८३ साली टेक्सासमध्ये डॉन हेनेके यांनी १ ते ९ गुणांची पद्धत तयार केली, ती आजही जगभर वापरतात. मान, मानेच्या मुळाशी असलेला उंचवटा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबर आणि शेपटीचे मूळ या सहा जागा डोळ्यांनी पाहायच्या आणि हाताने दाबायच्या. १ म्हणजे नुसता सांगाडा, ९ म्हणजे अतिलठ्ठ. साधारण ५ गुणांच्या घोड्याच्या बरगड्या दिसत नाहीत, पण हाताला सहज लागतात. तिथपर्यंत पोचल्याशिवाय स्वारीचा विषय काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अगदी खंगलेल्या घोड्याला त्यासाठी सहा ते दहा महिने लागू शकतात. वजन भरले म्हणजे स्नायू आले असेही नाही. चरबी आधी येते, पाठीचे स्नायू कामाने येतात.

वयही पाहा. पाठीच्या मणक्यांमधली वाढीची टोके घोडा साडेपाच-सहा वर्षांचा होईपर्यंत पुरती जुळलेली नसतात. त्यामुळे तीन वर्षांचे धिप्पाड दिसणारे जनावर स्वारीला तयार आहे असे समजू नका.

उपाशी घोडा आला आहे. पहिल्या दिवशी पोटभर चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, घालावी ना?

नाही. हे उत्तर कळवळ्याच्या भरात विसरले जाते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बरेच दिवस उपाशी राहिलेले शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून जगत असते. त्यात अचानक धान्य गेले की रक्तात साखर आणि पाठोपाठ इन्सुलिन वाढते. ते इन्सुलिन साखरेबरोबर फॉस्फरस, मॅग्नेशियम आणि पोटॅशियमही पेशींत ओढून घेते. रक्तातली त्यांची पातळी कोसळते आणि हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे बंद पडू लागतात. उपासमारीतून वाचलेला घोडा खायला मिळाल्यावर पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत दगावतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी अशा घोड्यांना वेगवेगळा आहार देऊन पाहिला. त्यात वाळलेला लसूणघास सर्वांत सुरक्षित ठरला, कारण त्यात पिष्ट कमी आणि प्रथिने व खनिजे जास्त असतात. मोठ्या चणीच्या घोड्याला पहिले तीन दिवस दर चार तासांनी साधारण अर्धा किलो, म्हणजे रात्रीसुद्धा. चौथ्या दिवसापासून मात्रा हळूहळू वाढवायची आणि वेळा कमी करायच्या. दहा दिवस ते दोन आठवड्यांनी मनसोक्त वैरण. धान्य त्यानंतरही बराच काळ नाही. पाणी मात्र पहिल्या तासापासून स्वच्छ आणि सतत हाताशी हवे. जंताचे औषधही आल्या आल्या देऊ नका. अशक्त घोड्याच्या पोटात जंत फार असतील तर ते एकदम मरणेही त्याला झेपत नाही. लीद तपासून डॉक्टर सांगतील तेव्हाच द्या.

इतर घोड्यांपासून किती दिवस वेगळा ठेवायचा?

किमान दोन आठवडे, चार ठेवता आले तर उत्तम. बादली, खरारा (अंग घासायचा ब्रश), दोरी सगळे वेगळे, आणि त्याचे काम सर्वांत शेवटी करायचे. जबड्याखालच्या गाठी सुजवणारा स्ट्रँगल्स हा आजार अशाच नव्या पाहुण्याबरोबर येतो. शेंबा, म्हणजे ग्लँडर्स, माणसालाही होतो. नाकातून घट्ट स्राव किंवा अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर हात न लावता डॉक्टरांना बोलवा. धनुर्वाताची लस दिली गेली आहे का, हे पहिल्याच तपासणीत विचारा. घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो.

चावतो, कान पाडतो, दुगाण्या झाडतो. जातच वाईट आहे का?

जवळजवळ कधीच नाही. आधी दुखणे शोधा, मग भीती शोधा. या दोन्ही गोष्टी बाजूला पडल्यावर जे उरते ती सवय, आणि सवय बदलता येते. हा क्रम उलटा केला तर दुखऱ्या जनावराला शिस्त लावण्याचे पाप पदरी येते.

दात पाहा. घोड्याचे दात आयुष्यभर दरवर्षी दोन-तीन मिलिमीटर वर येत राहतात आणि चावून झिजतात. झीज असमान झाली की दाढांच्या कडांना धार येऊन गाल आणि जीभ कापली जाते. अशा तोंडात लगाम घातला तर डोके झटकणारच. खूर पाहा. निगा न राखलेले खूर पुढे वाढून टाच खाली बसते आणि प्रत्येक पावलाला ताण येतो. खुराच्या पुढच्या भिंतीला नव्याने पूर्ण वाढायला नऊ महिने ते वर्षभर लागते, म्हणजे खूर कापून नाल ठोकणाऱ्या नालबंदाच्या एका फेरीत काही सुधारणार नाही. पाठीवरून सपाट बोटे फिरवून पाहा, घोडा पाठ खाली दाबतो का. पोटाचा विचार करा. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असते. त्यामुळे तासन् तास रिकाम्या पोटी उभ्या राहिलेल्या जनावरांना अल्सर होतात आणि तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना ती चावायला धावतात.

वेदना चेहऱ्यावरही दिसते. कान ताठ मागे वळलेले, डोळ्यावरची पापणी आक्रसून कोपरा उठलेला, नाकपुड्या ताणलेल्या, हनुवटी आवळलेली. स्वारीच्या वेळची वेदना ओळखण्यासाठी ब्रिटिश पशुवैद्य सू डायसन यांनी २४ वर्तनांची यादी तयार केली आहे. त्यांतली ८ किंवा जास्त दिसली तर घोडा दुखऱ्या अवस्थेत काम करतो आहे अशी दाट शक्यता धरतात. शेपूट सतत फटकारणे, तोंड पुन्हा पुन्हा उघडणे, हाकल्याशिवाय न चालणे हे सगळे त्या यादीत आहे. यालाच लोक ‘अडेलपणा’ म्हणतात.

त्याचा पूर्वेतिहास कुणालाच माहीत नाही. काही कळू शकते का?

पुष्कळ कळते. खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके असतील तर तिथे खोगीर खुपत होते आणि जखम झाली होती. ओठांच्या कोपऱ्यांत घट्ट व्रण असतील तर लगाम ओढून चालवला आहे.

शर्यतीतून आलेला घोडा लगाम ताणला की थांबत नाही, उलट जोर लावून पळतो. त्याला तसेच शिकवलेले असते. शर्यतीतले स्वार हलके असतात आणि चालत्या घोड्यावर चढवले जातात, त्यामुळे उभे राहून स्वाराला चढू देणे त्याला नव्याने शिकवावे लागते. गाडीला जुंपलेला घोडा आवाजाची आज्ञा छान ओळखतो, पण डोळ्यांवरची झापड काढली की मागून येणारी प्रत्येक गोष्ट त्याला नवी असते. यातले काहीही नाही आणि दोरीसुद्धा अनोळखी, असा घोडा बहुधा कधीच हाताळला गेलेला नसतो. माझ्या मते बिघडवलेल्यापेक्षा असा कोरा घोडा शिकवायला सोपा.

तो जवळच येऊ देत नाही. सुरुवात कुठून करायची?

त्याच्या डोळ्यांपासून. घोड्याला जवळजवळ चारही बाजूंचे दिसते, पण कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या मागे त्याला आंधळी पट्टी असते. म्हणून समोरून चेहऱ्याकडे हात नेऊ नका आणि मागून जाऊ नका. खांद्याच्या रोखाने, तिरके, नेहमीच्या चालीने जा. दबकत गेलात तर शिकारी वाटाल.

आता नीट पाहा. तुम्ही दहा पावलांवर आहात आणि त्याचा जवळचा कान तुमच्याकडे वळला. आठ पावलांवर त्याने मान उचलली, चघळणे थांबले. इथेच थांबा. आणखी एक पाऊल टाकले तर तो निघून जाईल आणि ‘निघून गेलो की सुटका होते’ हे शिकेल. तुम्ही उभे राहा, नजर खाली. काही वेळाने तो पापणी मिटतो, मान इंचभर खाली येते, चघळणे पुन्हा सुरू होते. त्याच क्षणी तुम्ही पाठ फिरवून दोन पावले मागे या. त्याने शांत राहून तुम्हाला दूर केले, हा पहिला धडा. असे करत करत अंतर आपोआप कमी होते.

हात लावायची वेळ आली की थोपटू नका, खाजवा. घोडे एकमेकांना मानेच्या मुळाशी, खांद्यांवरच्या उंचवट्यावर दातांनी खाजवतात. तिथे खाजवल्याने हृदयाचे ठोके कमी होतात, हे मोजून पाहिलेले आहे. वरचा ओठ लांबवून तो थरथरवू लागला तर जागा बरोबर सापडली.

खाऊ देऊन शिकवावे का? मग तो खिसे हुंगत चावायला लागतो ना?

जरूर द्यावा, पण नियमाने. माणसाचा हात म्हणजे मार, असे शिकलेल्या घोड्याला हाताचा नवा अर्थ देण्याचा याहून जलद मार्ग नाही. एक ठरावीक शब्द किंवा टिचकी, आणि लगेच खाऊ. मान तुमच्यापासून वळवलेली असेल तेव्हाच द्यायचा, हुंगायला आला तर काहीच नाही. हा नियम दोन-चार दिवसांत लक्षात येतो. मात्र स्वारीच्या बऱ्याच खुणा दाब आणि सुटका यांवर चालतात, त्यामुळे तेही शिकवावे लागेल. दोरीचा हलका ताण आला, घोड्याने एक पाऊल दिले, की ताण त्याच क्षणी सैल. घोडा दाबातून शिकत नाही, दाब सुटण्यातून शिकतो. उशिरा सोडलात तर भलतेच शिकेल.

एकदाच काय तो हिसका दाखवला की सरळ होतो, असे जुने लोक म्हणतात.

घोड्याला बांधून, तो झगडायचा थांबेपर्यंत प्लास्टिक किंवा खोगीर अंगावर आपटत राहणे ही पद्धत आजही चालते. शेवटी घोडा शांत उभा राहतो हे खरे आहे. पण तो निर्धास्त झालेला नसतो, त्याने आशा सोडलेली असते. नजर शून्यात, अंग लाकडासारखे. असा घोडा महिनोन् महिने ‘गरीब’ वाटतो आणि नव्या घरी, नव्या माणसाच्या हातात, एक दिवस अचानक फुटतो. ज्या घोड्याला आपण पुढे दुसऱ्याच्या लेकराच्या हातात देणार आहोत, त्याच्यावर ही पद्धत वापरणे मला गुन्हा वाटतो.

पाठीवर बसण्याआधी जमिनीवर काय काय यायला हवे?

मोरकी, म्हणजे डोक्याला बांधायचा दोरीचा पट्टा, घालून घेणे, सैल दोरीने शेजारी चालणे, थांब म्हटल्यावर थांबणे, मागे सरणे, खांदा आणि पुठ्ठा हलक्या स्पर्शाने वळवणे, बांधून उभे राहणे, अंगभर खरारा, अंगावर पाणी, सुईचा टोचा, गाडीत चढणे-उतरणे. आणि चारही पाय देणे.

पायांवर थोडे अधिक बोलायला हवे, कारण नालबंदाला पाय न देणाऱ्या घोड्याला घर मिळत नाही. पाय हा घोड्याचा पळून जाण्याचा हक्क आहे, तो तुमच्या हाती देणे त्याच्यासाठी सोपे नाही. खांद्यापासून हात खाली न्या. जिथे कातडी थरथरते तिथे थांबा आणि ती शांत झाली की हात काढा. गुडघ्याखाली पोचलात की पायामागच्या कंडरेला हलके दाबा. खूर जमिनीवरून नुसता हलका झाला, टोक टेकलेलेच आहे, तरी लगेच सोडून द्या. उद्या दोन क्षण धरा. खाली ठेवताना खूर आपटू देऊ नका, हाताने टेकवा. मागच्या पायांना हात लावण्याआधी लांब काठीला मऊ मोजा बांधून तो स्पर्श ओळखीचा करून घ्या. ती काठी लाथ खाऊ शकते, तुमचे डोके नाही.

लांब दोरीवर गोल फिरवण्याचे काम बेताने करा. लहान वर्तुळात सांध्यांवर पिळा येतो, दहा-पंधरा मिनिटे पुरेत. दोन लांब दोऱ्या लावून मागून चालत नेणे त्याहून उपयोगी. वळणे आणि थांबणे त्याला स्वाराशिवायच समजते.

रोज किती वेळ शिकवावे?

पंधरा-वीस मिनिटे, आठवड्यातून तीन-चारदा. कमी दिवस शिकवलेले घोडे एकूण कमी धड्यांत शिकतात, असे प्रयोगांतही दिसले आहे.

खोगीर आणि लगामाची सवय कशी लावावी?

आधी नुसते कापड, मग कापडावर पट्टा, मग खोगीर. तंग एका दमात आवळू नका. एक भोक, चार पावले चालवणे, मग पुढचे भोक. रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) आधी वर बांधलेल्या, नंतर सोडून कुशीवर हलू द्यायच्या. पुढच्या उंचवट्यावर खोगिराखाली दोन-तीन बोटे जागा हवी, पाठीच्या कण्यावर भार नको. स्नायू भरत जातील तसा पाठीचा आकार बदलतो, म्हणून खोगीर दर काही आठवड्यांनी पुन्हा तपासा. तोंडाला जखमा झालेल्या घोड्याला बिटाशिवायचा, म्हणजे तोंडात लोखंडी दांडी नसलेला, लगाम चालत असेल तर तोच ठेवा. त्यात काही कमीपणा नाही.

पहिल्यांदा बसताना काय काळजी घ्यावी?

हेल्मेट, टाचेचा बूट, आणि घोड्याच्या डोक्याशी उभा राहणारा, त्याच्या ओळखीचा माणूस. एकट्याने कधीही नाही. घोडा बांधलेला नको. ओट्यावर उभे राहून आधी फक्त त्याच्यापेक्षा उंच व्हा, कारण डोक्यावरची उंची त्याला घाबरवते. मग पाठीवर हात, मग हाताचा भार, मग पोट टेकून काही क्षण, आणि उतरणे. हे वेगवेगळ्या दिवसांत वाटून घ्या. पाय पलीकडे टाकला की हळूच बसा, धपकन नाही. पहिल्या काही फेऱ्यांत आज्ञा डोक्याशी असलेल्या माणसानेच द्यायची. पाठीवरच्या स्वाराने फक्त शांत श्वास घ्यायचा. चाल पक्की झाल्यावर दुडकी, आणि दुडकीत तोल सापडल्यावर पुढचा वेग.

स्वाराचे वजन किती चालेल?

स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्के ही नेहमीची मर्यादा. ओहायोमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २५ आणि ३० टक्के भार वाहिलेल्या घोड्यांच्या स्नायूंत दुखरेपणा आणि ताठरपणा स्पष्ट वाढलेला दिसला. ४०० किलोच्या घोड्यासाठी २० टक्के म्हणजे सगळे मिळून ८० किलो. उपासमारीतून उठलेल्या घोड्याला मी पहिले वर्ष १५ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही.

छान चालला होता, अचानक बुजायला लागला. सगळे विसरला का?

विसरत नाही. घोड्याची स्मृती अनेक वर्षे टिकते, अडचण तीच आहे. आधी दात, पाठ, खोगीर, पाय पुन्हा पाहा. काही सापडले नाही तर दोन पायऱ्या मागे जा आणि ज्या वस्तूला बुजतो ती लांबून, हळूहळू ओळखीची करा. स्वारीत बुजला तर त्याला त्या वस्तूकडे ढकलू नका. थांबू द्या, पाहू द्या, श्वास सोडू द्या. उधळलाच तर मांड सोडू नका आणि मोकळी जागा असेल तर मोठ्या वर्तुळात घेऊन वर्तुळ लहान करत आणा. वेगात मान एकदम वळवली तर दोघेही कोसळाल.

तो स्वारीला कधीच लायक होणार नाही असे दिसते. मग?

मग तो सोबती म्हणून द्या. एकट्या घोड्याला सोबत लागते, आणि ते काम पाठीवर कुणाला न घेताही होते. सांधे निकामी झालेला किंवा माणूस पाठीवर आला की आजही थरथर कापणारा घोडा स्वारीसाठी रेटू नका.

घर देण्याइतका तयार झाला हे कसे ओळखावे?

तुम्ही बाजूला व्हा. त्याने कधीही न पाहिलेला, घोड्यांची माहिती असलेला माणूस त्याला मोकळ्या मैदानातून पकडून आणू शकतो का? खरारा, पाय, खोगीर, चढणे, एकट्याने फेरी, इतर घोड्यांना सोडून दूर जाणे, गाडीत चढणे हे सगळे त्या माणसाबरोबर होते का? होत असेल तर तयार आहे. यासाठी शिकवण्याच्या काळातच तीन-चार वेगवेगळ्या माणसांकडून काम करून घ्या. उंच, बुटकी, पुरुष, स्त्री. एखाद्या घोड्याला फक्त पुरुषांची किंवा फक्त टोपीची धास्ती असते आणि ती तोवर कुणाच्या लक्षातच येत नाही.

घर कसे निवडावे?

जागा स्वतः जाऊन पाहा. सावली, पाणी, कुंपण, दुसरा घोडा, आणि नालबंद व डॉक्टर येण्यासारखे आहेत का. इच्छुक माणसाला एकदा नव्हे, निरनिराळ्या दिवशी तीनदा तरी बोलवा आणि घोडा हाताळताना पाहा. घोड्याने नकार दिला तेव्हा त्या माणसाचा चेहरा काय करतो, यावर मी सर्वांत जास्त भरवसा ठेवते. करार लेखी हवा. परस्पर विक्री नाही, वजनाची मर्यादा, पाहायला येण्याचा हक्क, आणि न जमल्यास घोडा तुमच्याकडेच परत. दोष लपवू नका. ‘मोटारसायकलला बुजतो’ हे आधीच सांगितले तर पटेल तोच माणूस पुढे येतो.

घोड्याबरोबर काय द्यावे?

आठवड्याभराची नेहमीची वैरण, त्याची मोरकी, त्याला बसणाऱ्या खोगिराचे माप, लस-दात-नालांच्या तारखा. आणि एक कागद, ज्यावर त्याला कळणारे शब्द जसेच्या तसे लिहिलेले. तुम्ही थांबण्यासाठी ‘होऽ’ म्हणत असाल आणि नवा माणूस ‘थांब’ म्हणत असेल, तर घोडा अडेल ठरतो.

नव्या घरी पहिले काही आठवडे कसे जावेत?

प्रवासात मान खाली करता येईल इतकी दोरी सैल ठेवा. डोके तासन् तास वर बांधलेले राहिले की फुप्फुसांत घाण साचून न्यूमोनिया होतो. पोचल्यावर दोन-तीन दिवस ताप पाहा. ३८.५ अंश सेल्सियसच्या वर गेला तर डॉक्टर. वैरण आठ-दहा दिवसांत थोडी थोडी बदला, नाहीतर पोटशूळ. पहिला आठवडा स्वारी नाही. नव्या माणसाने मोरकीपासून सगळे धडे क्रमाने पुन्हा घ्यायचे. घोड्याला ते येतात, पण या माणसाकडून येतात का हे त्याला ठाऊक नसते.

घर जमले नाही आणि तो परत आला तर?

घ्या, आणि परत आणणाऱ्याला दोष न देता नीट विचारा. कधी बिघडले, त्या सुमारास खोगीर बदलले का, सोबतचा घोडा गेला का, चंदी वाढवली का, काम कमी झाले का. पुन्हा विलगीकरण, पुन्हा दात-पाठ-खुरांची तपासणी, आणि शिकवणे जिथे घसरले त्याच्या एक पायरी आधीपासून. जे सापडेल ते त्याच्या कागदावर तारखेसह लिहा आणि पुढचे घर शोधताना तो कागद आधी वाचायला द्या.